वाकून येणारी सेफिना

फुआतिनोची सेफिना जेमतेम पाच वर्षांची, पण वळण असं की गावानं नाव काढावं. वडीलधारे बसलेले असले की त्यांच्यासमोरून ताठ मानेनं जायचं नाही; कमरेत वाकायचं, 'तुलोउ', म्हणजे माफ करा हं, म्हणत सरकायचं. मोठे बोलत असताना तोंड उघडायचं नाही. फुआतिनोनं हे पोर चालायला लागल्यापासून शिकवलं; डोळे वटारून, वेळप्रसंगी चिमटा काढून. शिकवणार नाही तर काय! पोर वाह्यात निघालं की लोक आईलाच नावं ठेवतात.

त्या संध्याकाळी पाद्रीबाबा घरी आले होते. शंख वाजला, प्रार्थना सुरू झाली, सगळे चटयांवर मांडी घालून बसले. घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे धावत आलेली सेफिना फुआतिनोला लगेच दिसली. पोरीनं तोंड उघडलं. फुआतिनोनं डोळे मोठे केले. पोर गपकन खांबापाशी बसली.

प्रार्थना संपली, तर पाद्रीबाबांनी बोलायला घेतलं. त्यांचं बोलणं म्हणजे नारळ खवणं. करवंटी लागेपर्यंत थांबायचे नाहीत. सेफिना चुळबुळत होती, सारखी किनाऱ्याकडे बघत होती. फुआतिनोनं पुन्हा डोळे वटारले. सासरे हळूच म्हणाले, पोरीला छान वळण लावलंस हो सूनबाई. फुआतिनोला मूठभर मांस चढलं.

एकदाचे पाद्रीबाबा थांबले. सेफिना उठली, कमरेत वाकली आणि एकेका म्हाताऱ्यापुढून 'तुलोउ, तुलोउ' करत आईच्या कानाशी आली.

"आई, ताविता कुंडात पडलाय."

फुआतिनो उठली ती पाद्रीबाबांपुढं वाढून ठेवलेलं ताट लाथाडून. ना वाकली, ना थांबली. किनाऱ्याजवळच्या गोड्या पाण्याच्या कुंडापर्यंत ती बोंबलत गेली. दिरानं उडी मारून तिच्या धाकट्या ताविताला वर काढलं, पालथं घातलं, पाठ चोळली. तोंडातून पाणी आलं. श्वास काही आला नाही. देवा, मला ने, याला ठेव, म्हणत ती त्याच्या गार पायांवर तोंड घासत राहिली. दीर दाबून दाबून थकला आणि मान खाली घालून बाजूला झाला.

तोवर मागून आलेली म्हातारी मंडळी दगडांवर मटकन बसली होती. त्यांच्या पलीकडे सेफिना उभी होती. तिला भावाजवळ यायचं होतं.

"ये गं," फुआतिनो ओरडली. "पळत ये, बाई माझी. सरळ पळत ये!"

सेफिनानं आईचे वटारलेले डोळे पाहिले. मग ती आणखी खाली वाकली आणि पहिल्या म्हाताऱ्यापुढे येऊन पुटपुटली, "तुलोउ."