उतरलेली तिसरी तार

पुलांची तपासणी करणारी माणसं वर्षातले निम्मे दिवस परक्या खोल्यांत झोपतात. छोटीचंही तसंच होतं. चाळिशी उलटलेली, पुलाच्या पोटाखाली पिंजऱ्यात उभी राहून हातोडीने काँक्रीट ठोकून बघणारी ही बाई घरच्यांसाठी अजून छोटीच होती, कारण ते नाव दादाने ठेवलेलं. दादा गेला तेव्हा ती एका दूरच्या नदीवर होती. पोचली तोवर सगळं उरकलं होतं. त्याची मोठी गिटार वहिनीने कुणाला तरी देऊन टाकली आणि छोटीने वाजवणंच सोडलं. शिकवणारा तोच, चुका काढणारा तोच; आता कुणासाठी वाजवायचं?

पण पुढे पुढे त्या खोल्यांतली शांतता तिला खायला उठू लागली. एका दुपारी ती वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंच्या दुकानात शिरली आणि बॅगेबरोबर नेता येईल अशी लहानशी गिटार मागितली.

बाईंनी दोन काढून दिल्या. एक दिसायला देखणी, पण मान इतकी अरुंद की बोटं एकमेकांच्या पायावर पाय देत होती. दुसरी साधी, फिकट लाकडाची. छोटीने डोळा बारीक करून तिची मान सरळ आहे का ते पाहिलं, मानेवरच्या धातूच्या पडद्यांच्या कडा टोचतात का ते अंगठ्याने चाचपलं आणि सवयीने पोटावर दोन टिचक्या मारल्या. आवाज भरीव आला. कुठे पोकळ नाही, तडा नाही.

तारा जुन्या होत्या. नव्या आपणच चढवते, असं ती म्हणाली. बाईंनी या गिटारीला लोखंडी तारा लावू नका, ताण सोसणार नाही, एवढं बजावून नायलॉनचा संच पुढे ठेवला. छोटीने एकेक तार खालच्या पट्टीच्या भोकातून ओवली, वळवून तिच्याच खालून काढली. बारीक तारा गुळगुळीत, निसटणाऱ्या. त्यांना एक पीळ जास्त दिला. मग खुंट्या पिळून सूर लावले. नायलॉन ताणत राहतो, आठवडाभर रोज सकाळी सगळ्या तारा उतरलेल्या सापडतील, बाई म्हणाल्या. नव्या सुनेसारखं आहे, रुळायला वेळ द्यायचा.

झालंही तसंच. पुढच्या गावच्या खोलीत तारा रोज उतरत, ती रोज चढवी. हळूहळू पाच तारा रुळल्या. तिसरी काही रुळेना. रात्री चोख लावलेली तार सकाळी बरोबर अर्धा सूर खाली असायची. कमी नाही, जास्त नाही. सूर मोजणारा ट्यूनर लावून पाहिला, तोही तेच सांगे. तिने गाठ सोडून पुन्हा बांधली. तार बदलली. बाईंना फोन केला. त्यांनी खुंटी सैल असेल म्हणून स्क्रू आवळायला सांगितला. तोही आवळून झाला. सकाळी तार अर्धा सूर खाली.

छोटी काही भित्री नव्हती. वाऱ्यात हलणाऱ्या पुलाखाली डबा खाणारी ती. पण आता खोलीचं दार उघडण्याआधी तिचा हात कडीवर थबके. शेवटी तिने हात टेकले आणि तार तशीच ठेवून वाजवायला बसली. दादाची आवडती धून त्या उतरलेल्या सुरावर तिला नव्याने बसवावी लागली. बसली मात्र अशी, की जणू मुळात तशीच असावी.

काम संपल्यावर ती वहिनीकडे गेली. जेवणं झाल्यावर धून वाजवायला घेतली. वहिनी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय, वहिनी?"

"त्याच्या एका बोटातलं बळ गेलं होतं. शेवटी शेवटी. तिसरी तार उतरवली की ते बोट लागत नाही, म्हणून तो असा वाजवायचा." वहिनीने ओले हात पदराला पुसले. "छोटीला कळू देऊ नकोस म्हणाला होता. तू काम टाकून धावत आली असतीस."

छोटीने तारांवर पंजा ठेवून आवाज थांबवला. मग सगळं सांगितलं. वहिनीने ना शंका काढली, ना हसली. फक्त म्हणाली, गिटार काही दिवस माझ्याकडे ठेव.

छोटी कामावर परतली. वहिनीचा फोन येईना. केला, तर ती पोरांबद्दल, नळाबद्दल बोले. महिन्याभराने छोटी गेली तेव्हा गिटार पिशवीत भरून दाराशी ठेवलेली होती.

"रोज संध्याकाळी ट्यूनर लावून चढवली," वहिनी म्हणाली. "सकाळी जिथल्या तिथे. एकदासुद्धा उतरली नाही." तिने पिशवीचा पट्टा छोटीच्या खांद्यावर नीट बसवला. "तूच ने. तुझ्याकडे तरी येतो."

छोटीला रडू आलं. वहिनीला आलं नाही.

तेव्हापासून गिटार छोटीबरोबर फिरते. कुठल्याही गावी पोचली की ती तारा तपासते, आणि तिसरी तार झोपण्याआधी स्वतःच अर्धा सूर उतरवून ठेवते. ती चढवून ठेवायचं धाडस तिला पुन्हा झालेलं नाही. वहिनीने मात्र अजून दर फोनला, तो येतो ना, असं विचारायचं सोडलेलं नाही. छोटी हो म्हणते.