सगळा आवाज उजवीकडे

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रामाजींनी माझा सगळा आवाज उजव्या स्पीकरच्या डब्ब्यात ढकलला, आणि तिथून अंकिताच्या जिवाला घोर लागला.

मी एक चिप बोलतेय. नखाएवढी, काळी, दोन्ही अंगांना गोमेसारखे पाय. जन्मले तिथं माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून यायची, माझ्यावर धुळीचा कण बसू नये म्हणून. आता नालवाडीत माझ्या गाण्याच्या पेटीत मुंग्या राहतात, तरी माझं चाललंय.

गाणं माझ्याकडे नुसत्या आकड्यांनी येतं. त्याचा आवाज करायचा, तो वाढवायचा, कमी करायचा, डाव्या डब्ब्याला किती नि उजव्याला किती वाटायचा, हे माझं काम. रिमोट सांगेल ते करते. एक खोड आहे. लाईट गेली की सगळं विसरते, आणि आली की दोन्ही डब्ब्यांना सारखं वाटते.

बायको अंकिता माहेराहून बाळ घेऊन आली, तेव्हा स्वप्निलनं मला आणलं. एक डब्बा पाळण्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. पाळण्यात आठ महिन्यांचा आदेश, शेजारच्या खाटेवर त्याचे आजोबा रामाजी.

अंकिता काळजीवाली. बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरून श्वास पाहते. सोमवारी तिनं गाणं लावलं, आदेश उजवीकडे वळला. मंगळवारीही उजवीकडे. बुधवारी आवाज वाढवला, तरी उजवीकडेच. खोली एवढीशी, आवाज चहूकडे भरलेला, म्हणून डावा डब्बा मुका आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. डावीकडून टाळी वाजवली तर तो वळला, पण हात दिसला म्हणून वळला असेल, असं तिला वाटलं.

"पोराले डाव्या कानानं आयकू येत नाई," ती स्वप्निलला म्हणाली.

"मलेही नाई येत, तू बोलते तवा."

ती हसली नाही. ताट उचलून आत गेली. मग त्यानंच गुरुवारी सावंगीच्या दवाखान्यात जायला ऑटो सांगितला.

मला सगळं ठाऊक होतं. पण बोलू कशी? आणि नालवाडीत सलग तीन दिवस लाईट गेली नाही, असं कधी झालंय का? माझ्याच नशिबी आलं ते.

गुरुवारी नऊला लाईट गेली एकदाची. अंकिता आदेशला टोपडं बांधत होती. दहा मिनिटांनी लाईट आली, गाणं सुरू झालं. आदेशनं उजवीकडे पाहिलं, मग गर्रकन डावीकडे, आणि त्या डब्ब्याकडे हात केला. टोपड्याची नाडी अंकिताच्या हातात तशीच राहिली.

तेवढ्यात रामाजी कुरकुरले, "आवाज काऊन कमी झाला?" रिमोट उचलून त्यांनी सगळा आवाज पुन्हा उजवीकडे नेला. आदेशचं तोंडही उजवीकडे गेलं.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"तो डावा डब्बा कामाचा नाई, बाई. काईच येत नाई त्यातून."

अंकितानं रिमोट घेतला, आवाज डावीकडे केला, डाव्या डब्ब्यावर हात ठेवला. जाळी थरथरत होती. मग ती रामाजींच्या डाव्या कानाशी गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, चहा घेता?"

रामाजी खिडकीबाहेर पाहत राहिले. चहाला त्यांनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

दारात ऑटो आला. स्वप्निल तो परत पाठवायला निघाला.

"पाठवू नोका," अंकिता म्हणाली. "बाबाले घेऊन जाऊ."

रामाजी म्हणाले, मले काऊन, माझे कान चांगले आहे. पण तेही तिनं तिसऱ्यांदा सांगितल्यावर.

आता त्यांच्या डाव्या कानात एक इवलंसं यंत्र असतं, आणि त्यात माझीच धाकटी बहीण बसलीय. अंकिता मला रोज पुसते. आदेशच्या कानांची काळजी मिटली, कालपासून दातांची लागली आहे.

तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस म्हणत असेल की टीव्ही बिघडला, फोन बिघडला, लोक पुटपुटायला लागले, तर आधी त्याच्या दोन्ही कानांशी हळूच चहाचं विचारून पाहा. आणि शेजाऱ्यांनाही सांगा. मीच सांगितलं असतं, पण माझ्यातून फक्त गाणी निघतात.