फुग्यांच्या पुढे

नोरीन हॅगर्टीच्या कमरेला दोन पिवळे फुगे बांधलेले होते आणि त्या दोन फुग्यांना सहा हजार माणसं टरकून होती.

शर्यत तशी गमतीची. करमणुकीच्या पार्कातले पाळणे बंद, रस्ते मोकळे, आणि पाठीला पंख लावलेल्या, डोक्यावर बदकं बांधलेल्या, जाळीचे झगे घातलेल्या लोकांनी तेरा मैल पळायचं. पहिला कोण आला, हे इथं कुणी विचारतसुद्धा नाही. नियम एकच, मैलाला सोळा मिनिटांच्या वर लावायची नाहीत. नेमक्या त्या चालीनं सगळ्यांच्या मागून नोरीन यायची, सोबतीला तिची मैत्रीण मिर्ता. फुगे तुमच्या पुढे निघून गेले की मागची बस तुमच्याजवळ थांबणार, दार उघडणार आणि तुम्ही मुकाट्यानं आत. पदकबिदक विसरा. दहाला पार्क उघडतं आणि फाटकाबाहेर लेकुरवाळी माणसं ताटकळत असतात, तेव्हा रस्ता रिकामा करावाच लागतो.

अकरा वर्षं नोरीन हे काम हौसेनं करत होती आणि अकरा वर्षांत तिची चाल ढळली नव्हती. गेल्या वर्षी एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "अर्धं मिनिट थांबा हो, फक्त अर्धं." नोरीन म्हणाली, "बाई गं, फुगे थांबत नसतात," आणि पुढे गेली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

यंदा पुढे पळणाऱ्यांत तिचा नवरा होता.

व्हर्लिन सहासष्टचा. उभी हयात त्यानं संत्र्यांचे ट्रक हाकले. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. माणूस उठला, हिंडूफिरू लागला, डावा पाय तेवढा फरफटत राहिला. पण लोकांनी त्याला काचेच्या कपाटात ठेवला तो ठेवलाच. मुलगा त्याच्याशी मोठ्यानं बोलायचा, जसा काही झटका कानाला आला होता. चर्चमध्ये दाराजवळची खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवायचे. आणि नोरीन? ती सगळ्यांच्या वरताण. त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी ती तो पुरवायची, ताटातलं मांस कापून द्यायची, जिन्यावर उगाच गुडघा दुखतोय म्हणून हळू चढायची. त्याला सगळं कळायचं.

नोव्हेंबरात त्यानं तिला न विचारता शर्यतीचा अर्ज भरला.

"तिथं तरी मला कुणी सवलत देणार नाही," तो म्हणाला. "सोळा म्हणजे सोळा. धडधाकटाला तेच, मला तेच."

"आणि बसमध्ये बसावं लागलं तर?"

"तर बसेन. पण तू माझ्यासाठी चाल कमी केलीस तर याद राख. मला कळेल."

तीन महिने तो दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये येरझारा घालत होता. मैलाला साडेपंधरा मिनिटांपर्यंत आला. शिवाय त्याची तुकडी फुग्यांच्या अठरा मिनिटं आधी सुटणार होती. म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. सकाळी सुटताना त्यानं तिच्याकडे पाहून टोपी उडवली, तेव्हा नोरीनला वाटलं, आज हा माणूस जिंकणार.

म्हणून दहाव्या मैलाला मिर्तानं कोपरानं ढोसलं, तेव्हा तिचा विश्वास बसेना.

"अगं, तो निळ्या शर्टातला तुझा म्हातारा ना?"

पंचवीस पावलांवर व्हर्लिन होता. एक पाऊल टाकत होता, दुसरं ओढत होता. त्याच्या बाजूला पंख लावलेली एक जाडीशी बाई धापा टाकत चालली होती.

"काय झालं रे?" नोरीननं हाक दिली. "पाय दुखतोय?"

"कर्नल!" तो मागं न बघता ओरडला.

नोरीननं कपाळावर हात मारला. कर्नल म्हणजे लष्करी डगला घातलेला मगर, पार्कातलं एक सोंग. व्हर्लिन लहान होता तेव्हा हाच पार्काचा राजा होता. पुढे नवी सोंगं आली, कर्नल कपाटात गेला. आता वर्षातून एकदा, याच सकाळी, त्याला बाहेर काढतात आणि त्याच्यासोबत फोटो काढायला ही एवढी रांग लागते. रांगेत उभं राहणं हा शर्यतीतला रिवाजच. पण दरवर्षी पन्नासेक शहाणे असा हिशेब करतात की आपण आधी सुटलो, तेव्हा ती मिनिटं आपल्या बापाची. मग फोटो हातात येतो आणि मागं वळून पाहावं तर फुगे. नवऱ्याला तिनं हे दहादा बजावलं होतं.

अकराव्या मैलाला पूल लागतो. चढ फार नाही, पण व्हर्लिनचा पाय तिथं अडू लागला. पंचवीस पावलांची पंधरा झाली. पंधराची दहा. मग ती दहाच राहिली, चांगला वेळ दहाच राहिली.

"नोरीन," मिर्ता घड्याळाकडे पाहत हळूच म्हणाली, "साडेसोळानं चाललोय."

नोरीनची नजर निळ्या शर्टावरून हलली नाही.

"सतरा झाली." मिर्तानं घड्याळावर बाही ओढली. "जाऊ दे. मी काही पाहिलं नाही. दोनच मैल राहिलेत. नवरा आहे तुझा, एवढं चालतं."

चालतं? गेल्या वर्षीची ती रडणारी बाई कुणाचीच नव्हती का? नोरीनला स्वतःचा राग आला, मग व्हर्लिनचा, मग त्या मेल्या मगराचा. पाय मात्र काही केल्या उचलेनात.

तेवढ्यात व्हर्लिन थांबला आणि वळला. त्यानं फुग्यांकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

"इतका वाईट चालतोय का मी?" त्यानं विचारलं. रागानं नाही. खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

याला द्यायला आपल्याकडे आता एकच गोष्ट आहे, आणि तीही आपण याच्यापासून चोरतोय, हे नोरीनला त्या क्षणी लख्ख कळलं. तिनं पाऊल उचललं. सोळाचं. दहा पावलं, पाच, दोन. तो पुन्हा चालू लागला होता, जिवाच्या करारानं, मान खाली घालून. घटकाभर ती दोघं बरोबरीनं चालली. त्याच्या कानामागून घाम ओघळत होता.

"चल, हो पुढे," तो म्हणाला.

ती पुढे झाली. पुलाच्या उतारावर मागून त्याचा पाय ऐकू येत होता, एक खणखणीत, एक फरफटता. बराच वेळ ऐकू आला. मग बसचा ब्रेक फुसफुसला, दार उघडलं, आणि त्यानंतर फक्त मिर्ताच्या बुटांचा आवाज राहिला. मिर्तानं तिचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

बस आडवाटेनं आधीच पोचली होती. शेवटच्या कमानीपलीकडे व्हर्लिन फुटपाथच्या कडेवर बसून केळं खात होता. मिर्ता कॉफी आणते म्हणून मुद्दाम लांब गेली.

"पायानं दगा दिला नाही," नोरीन जवळ येताच तो म्हणाला. "पुलावर जरा अडला, तेवढंच. रांगेत तेवीस मिनिटं घालवली मी, तेवीस. ही आजाराची हार नाही, नोरीन."

"गाढवपणाची आहे," ती म्हणाली. "गाढव आहेस तू."

व्हर्लिनचा चेहरा उजळला. दोन वर्षांत त्याला कुणी गाढव म्हटलं नव्हतं.

"बस वळेपर्यंत खिडकीतून मी तुला बघत होतो," तो म्हणाला. "तू एकदासुद्धा मागं वळून पाहिलं नाहीस. मला फार बरं वाटलं."

वळून पाहिलं असतं तर पुढचं पाऊल पडलं नसतं, हे तिनं त्याला सांगितलं नाही. कमरेचे फुगे सोडवून ती त्याच्या शेजारी बसली.

"दे इकडे अर्धं केळं," ती म्हणाली.