भाभीसा पुढच्या डब्यात बसल्या

परदेशातून आल्यापासून जो तो दुकानावर येऊन एकच विचारतो, बर्फ पाहिला का. भाजीवाली भिकुबाई डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधी विचारते, "गवराबाई, तठे काय काय देखं?" मी सांगते, डोंगर, गायी, आगगाड्या. खरं काय पाहिलं ते तिला सांगितलं नाही. ते इथे लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षर वाकडं असेल, पण गोष्ट सरळ आहे.

जसोदाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्हा मारवाड्यांत थोरल्या जावेला भाभीसा म्हणतात, म्हणून मी पण म्हणते. मान द्यावा असं काही नाही, सवय आहे.

मी लग्न होऊन खांडबाऱ्याला आले तेव्हा अठराची. भाभीसा चोविसाच्या, धुळ्याच्या, मॅट्रिक. घरातल्या बायकांत इंग्रजी वाचणाऱ्या त्या एकट्या, आणि ते त्या कोणाला विसरू देत नसत. त्याच वर्षी पर्युषणात त्यांनी अठाई केली. म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही. फक्त उकळलेलं पाणी, आणि तेही दिवस असेतो. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही. सासऱ्यांना, आमच्या बाबूजींना, एवढं कौतुक की पारण्याला त्यांनी दोनशे माणसांना आमंत्रण दिलं. स्वयंपाक कोणाकडे? नवीन सुनेकडे.

आठवा दिवस संवत्सरीचा. दुपारी पोस्टातला आमशा तार घेऊन आला. पुरुष सगळे व्याख्यानाला गेलेले. भाभीसा ओटीवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या, तार त्यांच्या हातात गेली. मी विचारलं, कुणाची?

"दुकानाची," त्या म्हणाल्या. "सुरतेहून माल निघाला. तू मूग निवडलेस का?"

त्या संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकमेकांची माफी मागितली. आमच्यात संवत्सरीला मागतातच. भाभीसांनी माझ्यापुढे हात जोडले. "गवरा, जाणते-अजाणते तुझं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम." मी त्यांच्या पाया पडले. आठ दिवसांची उपाशी बाई, मला देवीसारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचं पाणी मी गाळलं आणि मीच त्यांच्या तोंडाला वाटी लावली. पंगती उठल्या. मी भांडी विसळत असताना दुसरी तार आली, ती माझ्या मालकांच्या हातात पडली. माझे वडील गेले होते. मिळाली त्या गाडीने अमळनेरला पोचले तर माणसं स्मशानातून परत येऊन अंघोळी करून बसली होती. भाऊ माझ्याशी बोलेना. म्हणाला, "कालच तार केली होती. शेवटपर्यंत विचारत होते, गवरा आली का. पारण्याची पुरी जास्त गोड लागली का तुला?"

मी म्हटलं, तार आलीच नाही. पोस्टवाल्याला शिव्या घातल्या. आमशा बिचारा दोन वर्षं माझ्या शिव्या खात होता.

दोन वर्षांनी भाभीसांच्या पोथ्यांना ऊन दाखवताना एका पोथीतून कागद पडला. अक्षरं इंग्रजी, पण शिक्क्यातले आकडे मला येत होते. पाच तारीख. दुसऱ्या तारेवर सहा होती. मालकांना दाखवला. आमचे रिखबचंदजी भला माणूस. म्हणाले, "जाऊ दे, घर फुटेल." कागद माझ्या ट्रंकेत ठेवला आणि घर शाबूत राहिलं. मालक गेले, थोरले दीर भाईजी गेले, आम्ही दोघी उरलो, मधे एक भिंत घालून.

त्या पारण्यापासून दर संवत्सरीला भाभीसा येतात, हात जोडतात, आणि तेच. जाणते-अजाणते. सेहेचाळीस वर्षं. त्या दोन शब्दांच्या पदराखाली हत्ती लपतो. मला बाकी काही नको होतं. एकदा त्यांनी त्या कामाचं नाव घेऊन म्हणावं, एवढंच पाहिजे होतं.

आता परदेशाचं. माझी नात किंजल स्वित्झर्लंडला औषधांच्या कंपनीत आहे. यंदा मे महिन्यात तिने दोघी दाद्यांना बोलावलं. मला एकटीलाच बोलाव म्हटलं तर म्हणाली, "मोठ्या दादीला वाईट वाटेल." वाटू दे की. पण पोरीचं मन मोठं, माझ्यावर गेलेलं नाही.

तिने आगगाडीचे पास काढले होते. कुठल्याही गाडीत बसा, कुठेही उतरा. गाड्या अशा गुमान चालतात की शेजारच्याच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. चहावाला नाही, सरका म्हणणारं कोणी नाही, डबा उघडून "घ्या मावशी" म्हणणारं कोणी नाही. मला करमेना. भाभीसांना मात्र करमत होतं, कारण त्या पाट्या वाचत होत्या. प्रत्येक स्टेशनाची पाटी, मोठ्याने.

"गवरा, तुला कळायचं नाही, मी वाचते."

"वाचा."

एका गाडीत सुरतेचं जोडपं भेटलं. भाभीसांनी माझी ओळख करून दिली. "ही आमची धाकटी. अंगठेबहाद्दर आहे, पण हाताला चव आहे. मी हिला धरून धरून फिरवते, नाही तर भलत्याच गावाला जायची." सुरतेची बाई हसली. मी पण हसले. दात दाखवायला पैसे पडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या एका गावी मुक्काम होता. दोन तळ्यांच्या मधल्या एका मोठ्या स्टेशनावर गाडी बदलायची होती. निळी-पिवळी छोटी गाडी उभी होती. संध्याकाळचे पाच वाजत आलेले. किंजलने आम्हाला मागच्या भागातल्या एका डब्यात बसवलं आणि नीट सांगितलं, "दादी, लक्ष द्या. या गाडीचे मधे दोन तुकडे होतात. पुढचे डबे धबधब्याच्या गावाला जातात, मागचे आपल्या गावाला. एकातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. इथून उठायचं नाही. मी जाऊन आले."

ती बाथरूमला गेली. मी ऐकलं. भाभीसा नंदुरबारच्या सुनेला फोनवर डोंगर दाखवत होत्या, "हे बघ, हे बघ," त्यांनी काही ऐकलं नाही. फोनला स्टेशनातलं फुकटचं इंटरनेट मिळत होतं, गाडी हलली की तोही मुका.

तेवढ्यात समोरच्या बाकावर एका गोऱ्याने पाव काढला आणि त्यात मांसाची कांडी. भाभीसांनी नाकाला पदर लावला.

"मी पुढे बसते. पुढचे डबे रिकामे दिसतात."

त्या उठल्या. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती. उकळलेलं पाणी, दोघींचं. त्या आजही दुसरं पाणी पीत नाहीत, आणि दिवस मावळला की हेही नाही, आमचा दोघींचा रोजचा चौविहार. मला एवढंच म्हणायचं होतं, भाभीसा, तो डबा दुसरीकडे जातो. जिभेवर आलं होतं. मग मला त्या ओटीवर तक्क्याला टेकलेल्या दिसल्या, मूग निवडलेस का विचारताना.

मी म्हटलं, "बसा. तिकडे वारा चांगला येईल."

प्लॅटफॉर्मवरून त्या पुढे चालत गेल्या, साडीचा घोळ उचलून, ऐटीत. मी दोन डबे मोजले, तीन मोजले, आणि त्या पुढच्या तुकड्यात चढल्या.

किंजल दार लागता लागता धावत आली. "मोठी दादी?"

"पुढे बसली. मांसाचा वास सहन होईना."

ती समजली याच तुकड्यात पुढे. मी खोटं बोलले नाही. भाभीसा तरी कुठे बोलल्या होत्या, सुरतेहून माल खरंच निघाला होता.

मधल्या स्टेशनावर गाडी थांबली. खट् असा आवाज आला आणि पुढचा भाग सुटा होऊन निघाला. रूळ वळतात तिथे त्याच्या खिडक्या आमच्याकडे आल्या. भाभीसा खिडकीशीच होत्या. आधी त्यांनी कौतुकाने हात हलवला, कोणती तरी दुसरी गाडी उभी आहे समजून. मग काचेत त्यांना मी दिसले. हात तसाच वर राहिला. तोंड बदललं ते मी शेवटच्या क्षणापर्यंत पाहिलं. मी पापणी मिटली नाही.

किंजलने कपाळावर हात मारला. "पुढे म्हणजे कुठे, दादी? तुम्ही मला म्हणालात पुढे."

"पुढेच आहे ना ती."

पोरीने फोनवर फोन केले. गणवेशातली एक बाई आली, तिनेही फोन केला. थोड्या वेळाने कळलं, धबधब्याच्या गावी स्टेशनवाल्यांनी भाभीसांना उतरवून बाकावर बसवलंय. आम्ही उलट गाडीने जाऊन त्यांना घ्यायचं. किंजलचा जीव भांड्यात पडला. मी खिडकीबाहेर पाहत होते. खरं सांगते, तीन दिवसांत ते डोंगर मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिले. सुंदर आहेत.

परतीच्या गाडीत मी किंजलला विचारलं, "इथे दिवस कधी मावळतो ग?" आधीचे दोन दिवस आम्ही सहाला जेवून, पडदे ओढून झोपलो होतो, तेव्हा पाहिलंच नव्हतं. तिने फोनमध्ये बघितलं. "नऊ वाजून दहा मिनिटांनी. काळजी नको, मोठ्या दादीला जेवायला वेळ आहे."

मी हे पण गाठीला बांधलं.

ते गाव म्हणजे दोन उभ्या कड्यांच्या मधली खाच. ऊन कड्यामागे कधीच गेलं होतं, खाली सगळी सावली. स्टेशनातल्या घड्याळात सातला दहा कमी. भाभीसा बाकावर पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. कोणी भल्या माणसाने दिलेली पाण्याची बाटली शेजारी तशीच, झाकणसुद्धा न उघडलेली. ओठ वाळून पांढरे झाले होते. किंजल त्यांच्या गळ्यात पडली, सतरा वेळा सॉरी म्हणाली आणि स्टेशनवाल्यांचे आभार मानायला आत गेली.

मी शेजारी बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"तुला माहीत होतं," भाभीसा म्हणाल्या.

"होतं."

"सांगितलं का नाहीस?"

"तुमचं पारणं व्हायचं होतं ना, भाभीसा."

मला वाटायचं त्या विसरल्या असतील. एक क्षणही लागला नाही त्यांना. म्हणजे सेहेचाळीस वर्षं त्यांनाही ते रोज माहीत होतं.

"दोनशे माणूस येणार होतं, गवरा," त्या हळूच म्हणाल्या. "बाबूजींनी गावभर सांगितलं होतं. तू गेली असतीस तर…"

"तर मूग दुसऱ्या कुणी गाळले असते."

"मला वाटलं, एका दिवसाने काय होतं."

"आता कळलं ना, दीड तासाने काय होतं?"

त्यांनी पदर सावरला. माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे एकदा पाहिलं, मग वर कड्याकडे पाहिलं, जिथून ऊन गेलं होतं. आता आज पाणी नाही, हे त्यांनी मनाशी धरलेलं मला दिसत होतं. नऊ दहाचं मी गाठीलाच ठेवलं. त्यांनी हात जोडले.

"जाणते-अजाणते माझ्याकडून…"

"अजाणते काढा."

"काय?"

"त्यातलं अजाणते काढा आणि म्हणा."

समोरून एक रिकामी गाडी आली, थांबली, गेली. भाभीसांचे हात जोडलेलेच होते. मला वाटलं उठून जातील. पण जाणार कुठे, कोणती गाडी कुठे जाते त्यांना माहीत नव्हतं.

"तार मी वाचली," त्या म्हणाल्या. "वडील सीरियस, ताबडतोब निघ, असं लिहिलं होतं. मी ती पोथीत घातली आणि तुला माल म्हणून सांगितलं. जाणून केलं. मिच्छामि दुक्कडम, गवरा."

याच्यापुढे उत्तर द्यायचं असतं. मी दिलं नाही. बाटलीचं झाकण उघडलं, पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्यासमोर सावकाश प्याले.

"गवरा," त्या घाबरून म्हणाल्या, "दिवस मावळला. चौविहार मोडला तुझा."

"मावळला नाही. डोंगराआड गेलाय. नऊ दहाला मावळतो इथे."

"तुला कधीपासून माहीत?"

"गाडीत बसल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढी शाळा मला त्यांनीच शिकवली होती, हे त्यांना कळलं असावं. मी दुसरा पेला भरला आणि त्यांच्या तोंडाला लावला, पारण्याला लावला होता तसाच. तीन पेले प्याल्या. हनुवटीवरून ओघळलं ते मी पदराने पुसलं नाही.

किंजल आली, म्हणाली, "बघा, दोघी कशा गप्पा मारत बसल्यात."

आता भाद्रपदात संवत्सरी येईल. या वेळी मलाही हात जोडावे लागतील, आणि अजाणते काढूनच म्हणावं लागेल, कारण मी डबे मोजले होते. म्हणेन की नाही, ते अजून ठरवलं नाही.

मागच्या आठवड्यात लग्नाला नंदुरबारला गेलो, दोघी, आपल्या पॅसेंजरने. खांडबाऱ्याहून नंदुरबारला जाणारी गाडी नंदुरबारलाच जाते, शेळीलाही माहीत आहे. तरी भाभीसांनी पायरीवर पाय ठेवून विचारलं, "गवरा, हा डबा तिकडेच जातो ना?"

मॅट्रिक बाई मला विचारते. मी आत जाऊन बसले, खिडकी उघडली, पिशवी नीट ठेवली. गाडी सुटली. त्या उभ्याच होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. एक स्टेशन गेलं, तेव्हा सांगितलं.

"बसा. तिकडेच जातो."