यात्री ६१ माणूस नाही

माझ्या सख्ख्या आत्याला मी यंत्र ठरवलं. तेही पुराव्यांसकट, सातशे शब्दांत, मधे मधे उपशीर्षकं देऊन. वर लोकांच्या टाळ्याही घेतल्या.

झालं असं की, इंदुरात आमच्या कॉलेजात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला पद्मजा मॅडम आमच्याकडून एक 'प्रतिक्रिया-वही' लिहून घेतात. दर आठवड्याला इंटरनेटवरचं एका प्रकारचं लेखन वाचायचं आणि वाचून जे वाटलं ते लिहायचं. निवडक प्रतिक्रिया विभागाच्या संकेतस्थळावर छापतात, पण नाव न देता. नाव नसलं की माणूस भीड सोडून लिहितो, असं मॅडमचं म्हणणं. माझ्याकडे भीड मुळातच बेताची. नाव नाही म्हटल्यावर तर रानच मोकळं मिळालं.

पहिल्या आठवड्यात एक बातम्यांचं संकेतस्थळ वाचलं. मथळा होता, 'इंदौर की इस गली में जो हुआ, जानकर दंग रह जाएँगे।' चार परिच्छेद उपसल्यावर कळलं की गल्लीत एक म्हैस शिरली होती आणि आली तशी निघून गेली. मी लिहिलं, 'म्हैस दंग झाली असेल तर माहीत नाही, मी झाले नाही.' दुसऱ्या आठवड्यात विजय नगरच्या एका जोडप्याचा खाण्यावरचा ब्लॉग. साबुदाण्याच्या खिचडीची कृती अकराव्या परिच्छेदात सुरू होत होती. त्याआधी त्यांची पहिली भेट, दुसरी भेट आणि लग्नातला गोंधळ. 'साबुदाणा एवढ्या वेळात भिजून, फुगून, नासला असेल,' असं मी लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात आमच्याच खानदानाच्या ग्रुपवरचा मेथीदाण्याचा निरोप घेतला. मेथी म्हणे साखर, गुडघे, केस आणि कोर्टकचेरी, सगळ्यांवर चालते. 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय' असं खाली होतं. मी ग्रुपवरच डॉक्टरांचं नाव विचारलं, तर काका ग्रुप सोडून गेले.

मॅडमनी तिन्ही वेळा समासात 'छान' लिहिलं. मला त्या 'छान'ची चटक लागली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला तशीही शिडी लागत नाही.

चौथ्या आठवड्याचा प्रकार होता नकाशावरचे अभिप्राय. दुकानं, दवाखाने, बँका यांना लोक तारे देतात आणि खाली दोन ओळी लिहितात, ते. तिथे मला 'यात्री ६१' सापडला. चारशे बारा अभिप्राय, सगळे हिंदीत, सगळे एका साच्यातले. परदेशीपुऱ्यातल्या एका दवाखान्याबद्दल: '११.१० पर पहुँचे। कुर्सी चार, एक टूटी। पंखा आवाज़ करता है। पानी ठंडा। सीढ़ी तीन, रेलिंग नहीं। ११.५० पर निकले।' एका स्मशानालाही चार तारे होते: 'छाया अच्छी। बेंच छह। एक नल ख़राब।' आणि पोह्यांच्या छप्पन वर्षं जुन्या दुकानाबद्दल एवढंच: 'बैठने को बेंच। सीढ़ी नहीं। पोहे: मिले।'

पोहे मिले!

मी ताडकन उठून बसले. इंदूरचा माणूस पोह्यांबद्दल बोलायला लागला की आधी वाफ येते, मग शेव, मग वरून भुरभुरवायचा जिरावण मसाला, मग जिलेबी, आणि शेवटी 'हमारे टाइम में' येतं. 'मिले' म्हणून थांबणारा माणूस या शहरात जन्मलेला नाही. हा माणूसच नाही, हे कुठल्या तरी कंपनीने सोडलेलं यंत्र आहे! मग मला पुरावेच पुरावे दिसायला लागले. सकाळी शहराबाहेरच्या बेटम्याचा बसस्टँड, त्याच दुपारी विजय नगरचा मॉल. प्रत्येक ठिकाणी बरोबर चाळीस मिनिटं. चव नाही, राग नाही, कौतुक नाही. खाली काही जणांनी लिहिलं होतं, 'आईला घेऊन गेलो, तुमच्यामुळे सोय झाली, धन्यवाद.' मी लिहून टाकलं की धन्यवाद देणारेही बनावट.

'यात्री ६१ माणूस नाही' असा मथळा दिला. मॅडमनी 'फार छान' लिहून सोमवारी छापलं. लेख निनावी होता, पण वर्गातल्या विक्रांतला मीच सांगितलं. गुपित पचवायला माझं पोट लहान आहे.

"अरे भिया, गजब!" विक्रांत म्हणाला. भिया म्हणजे भाऊ, पण इंदुरात मुलीही भिया असतात. "एकदम पर्दाफाश केलास तू. मी तर पेजवर टाकून दिलं, आणि लिहिलं, सगळे मिळून रिपोर्ट करा."

त्याच्या पेजवर अठरा हजार रिकामटेकडे आहेत. बुधवारी यात्री ६१चं खातं बंद झालं आणि चारशे बारा अभिप्राय नकाशावरून पुसले गेले. आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये कचोरी खाऊन विजय साजरा केला.

गुरुवारी संध्याकाळी घरी आले तर आत्या खिडकीशी बसली होती. पंचशीला आत्या चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आजोबा महूला फौजेत, त्यामुळे घड्याळ तिच्या रक्तातच. कोणी पाल्हाळ लावलं की ती अजून ट्रंक कॉलवर सांगायची तसं म्हणते, "तीन मिनिटं झाली," आणि उठून जाते. निवृत्त झाल्यापासून रोज दहाला पिशवी घेऊन सिटी बसने बाहेर पडते आणि तीनपर्यंत परत येते. कुठे जाते, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. पत्रकार होणार मी, आणि घरातल्या माणसाला एवढा साधा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"संबोधी, इकडे ये जरा," ती म्हणाली आणि मोबाईल पुढे केला. "हे बघ, कंपनीवाले काय बोलून राहिले. माझं खातं बंद केलं. मी माणूस नाही म्हणतात."

स्क्रीनवर वर लिहिलं होतं, यात्री ६१. आत्याचं जन्मसाल एकसष्ट.

"फोटोतले बत्तीचे खांब ओळखायला लावले," ती म्हणाली. "सगळे ओळखले. तरी नाही म्हणे."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पण आत्या, तू हे लिहायचीस कशाला?"

"शालिनीसाठी सुरू केलं." शालिनीताई म्हणजे टेलिफोन खात्यातली तिच्या शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण. "तिचे गुडघे गेले ना. कुठे जायचं म्हटलं की पहिला सवाल, बसायला आहे का, पायऱ्या किती? मग मी आधी जाऊन बघून यायची. चाळीस मिनिटं बसायचं. पहिली दहा मिनिटं तर सगळेच चांगले वागतात. मग वाटलं, अशा शालिनी अजून असतील, तर लिहून टाकू." मग म्हणाली, "आता बँकेत जायचंय तर शालिनी घरीच बसली आहे. नकाशात काही दिसत नाही म्हणते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि मी पाणी प्यायला उठले.

"कोणीतरी माझ्याबद्दल लेख लिहिला आहे," मागून आत्या म्हणाली. "तुझ्याच कॉलेजच्या साइटवर. नाव नाही खाली. तू पत्रकार ना? शोधून काढ कोण आहे तो."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या अशा मिळतात.

मग माझा तपास सुरू झाला. शुक्रवारी मी सांगितलं, लेखक बहुतेक मुलगा असावा. शनिवारी सांगितलं, भोपाळचा असावा. आत्याने शांतपणे विचारलं, "भोपाळवाल्याला पोह्यांचं एवढं दुःख कशाला होईल?" रविवारी सकाळी घरात पोहे झाले. मी दर रविवारी जिरावण कमी पडलं म्हणून भाषण ठोकते. त्या दिवशी खाली मान घालून खाल्ले. "पोहे कसे झाले?" आत्याने विचारलं. "मिळाले," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मला ठसका लागला. ती पाण्याचा ग्लास सरकवून आत निघून गेली.

आठवडाभर मी चोरून त्या नकाशावाल्या कंपनीला अर्ज पाठवत होते की ही बाई खरी आहे, जिवंत आहे, माझी आत्या आहे. दर वेळी एकच उत्तर यायचं: तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार. विक्रांतला सांगितलं तर तो म्हणाला, "चुप राह ना यार, निनावी आहे. कोणाला मालूम पडणार?" मलाही ते पटायचं, पण घरी आलं की पटायचं नाही. आत्या आता दहाला बाहेर पडत नव्हती. पिशवी खुंटीवर आणि ती खिडकीशी.

दुसऱ्या शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "उद्या मी येते तुझ्या कॉलेजात. मॅडमनाच विचारते नाव."

शनिवारी खरंच आली. मॅडमचा तास अकरा पन्नासला संपणार होता. आत्याने व्हरांड्यात उभं राहून घड्याळ बघितलं, कूलरचं पाणी चाखलं, एकुलत्या एका बाकाला हाताने हलवून बघितलं आणि बसली. मला शेजारी बसवलं. अकरा दहा झाले होते.

मी आधी हवापाण्याचं बोलले. मग परीक्षेचं. मग विभागात झाडं किती लावली त्याचं. आत्या 'हं' म्हणत होती. नेहमीसारखं 'तीन मिनिटं झाली' म्हणाली असती तर बरं वाटलं असतं, पण आज ती सगळं ऐकून घेत होती. आत मॅडम पोरांना सांगत होत्या, "बातमी लिहिण्याआधी जागेवर जाऊन या." एवढं स्वच्छ ऐकू येत होतं की मला वाटलं, मुद्दामच सांगत आहेत.

"आत्या, ते मी लिहिलं," मी म्हणाले. "तुला यंत्र मी म्हटलं. एकाही जागी गेले नाही. घरात बसून पुरावे काढले. आणि ते धन्यवाद म्हणणारे, त्यांनाही खोटं ठरवलं. आणि नऊ दिवस तुझ्यासमोर बसून खोटं बोलले. मला फार लाज वाटते आहे."

रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

आत्याने घड्याळ बघितलं. पिशवीतून एक जुनी, जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "धर जरा. चष्मा शोधते."

वही मराठीत होती. तारीख, वेळ, जागा, शेरा. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल नोंदवायचे तशा आखलेल्या रकान्यांत चारशे बारा नोंदी. त्यांच्यापुढे, शेवटच्या पानावर, आणखी नऊ होत्या.

'गुरुवार. घर. १८.३०. संबोधीला विचारलं. पाणी प्यायली. बोलली नाही.'

'शुक्रवार. घर. ७.४०. मुलगा असावा म्हणते. बोलली नाही.'

'रविवार. पोहे. ठसका लागला. वाटलं बोलेल. बोलली नाही.'

कालपर्यंतच्या सगळ्या नोंदींचा शेवट तोच होता.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"चाळीस वर्षं लोकांचे आवाज ऐकले मी," आत्या म्हणाली. "नंबर सांगायच्या आधी ओळखायची कोण आहे. तुझा लेख वाचला आणि तूच बोलताना ऐकू आलीस. दर रविवारचं पोह्यांचं भाषण, जसंच्या तसं."

"मग बोलली का नाहीस?"

"लाइन लावून देणं ऑपरेटरचं काम. बोलायचं ते ज्याचं त्याने."

तेवढ्यात तास सुटला आणि मॅडम बाहेर आल्या. त्यांनी आत्याकडे बघून मान लववली. "तुम्ही कोणाला भेटायला आल्या आहात?"

मी उठून उभी राहिले. "मॅडम, ही माझी आत्या, पंचशीला. यात्री ६१ म्हणतात ते हिलाच. तो लेख चुकीचा आहे, समोर बसली आहे बघा. दुरुस्ती छापायची आहे. त्या लेखाखालीही आणि दुरुस्तीखालीही माझं नाव टाका."

मॅडम म्हणाल्या, "चूक माझीही आहे. न बघता छापलं." त्या आत्याला आत चहाला बोलवायला लागल्या, पण आत्या बोट वर करून थांबा म्हणाली. तिला आधी नोंद करायची होती. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

'शनिवार. पत्रकारिता विभाग. ११.१० पोहोचले. बाक एक, डावा पाय डुगडुगतो. पाणी थंड. पायऱ्या पाच, कठडा आहे. खरं: मिळालं, ११.४१ ला. उशीर नऊ दिवस.'

"तारे किती?" मी डोळे पुसत विचारलं.

"बाकाला तीन," आत्याने वही मिटून माझ्या हातात दिली. "तुझं नंतर बघू. आधी चहा, मग शालिनीची बँक, मग बेटमा. चारशे बारा जागा परत लिहायच्या आहेत, तुझ्या नावाने. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं. खुर्ची एकच असली तर मी बसेन. तू उभी राहा."