आमचं काम ज्यांच्याकडे गेलं

दक्षिण कोरियातल्या गुमीतला आमचा कारखाना बंद झाला त्या हिवाळ्यात आमचे हे, म्हणजे सोराचे बाबा, कारखान्याच्या धुरांड्यावर चढून बसले. मोटारींच्या वायरिंगचं काम कंपनीने फिलिपीन्सला हलवलं होतं. युनियन बोलायला गेली, तर फाटकाला कुलूप. साहेब चर्चेला बसल्याशिवाय उतरणार नाही, एवढं सांगून ते वर गेले.

खाली आमचा तंबू होता, पण माझं त्यात चित्त लागत नसे. दोरीने जेवण वर पाठवायचं, रिकामे डबे खाली घ्यायचे, आणि मधल्या वेळात नुसत्या फेऱ्या. वारा सुटला की वरचं प्लास्टिक फडफडायचं नि मी तंबूबाहेर धावायचे. फोनवर ते म्हणायचे, बरा आहे. बऱ्या माणसाचा आवाज तसा नसतो.

अशात युनियनचे अध्यक्ष सोक यांनी सांगितलं की फिलिपीन्सच्या कारखान्यातली एक कामगार बाई पाठिंबा द्यायला येते आहे. माझं डोकंच फिरलं. आमचं काम घेतलं, आणि आता आमचीच विचारपूस?

मारिसेल आली ती पातळ जाकिटात कुडकुडत. पूर्वी काही वर्षं कोरियातच एका कारखान्यात मशीनवर होती, त्यामुळे मोडकंतोडकं कोरियन बोलायची. पाहुणी म्हणून मी सूप वाढलं, पण वाटी आपटूनच ठेवली.

"काय, जोरात चाललंय ना आमचं काम?" मी म्हटलं.

ती चिडली नाही. "ताई, आम्हाला सांगितलं, कोरियन लोक माजलेत, म्हणून काम इकडे आणलं. आता आम्ही युनियन काढली, तर म्हणतात व्हिएतनामला नेऊ."

मी तिची वाटी ओढून घेतली. तिला आणखी सूप वाढलं.

मग फोनवर ती सोराच्या बाबांशी बोलली. तुमच्या कारखान्यातून हलवलेल्या ऑर्डरीवर आमच्या लाइनवरच्या बायका ओव्हरटाइम करणार नाहीत, असं ठरलंय म्हणाली. त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या पोटाचं काय?"

"ते आम्ही बघू. तुम्ही जेवत जा. डबे अर्धे परत येतात, मी पाहिलं."

ती परत गेली आणि ओव्हरटाइम खरंच थांबला. माल अडला, आमच्याकडून वायरिंग घेणाऱ्या मोटार कंपनीने आमच्या मालकांना धारेवर धरलं, आणि साहेब चर्चेला बसले. आमच्या लोकांना कंपनीच्या आसानमधल्या दुसऱ्या कारखान्यात घ्यायचं ठरलं. सोक कराराचा कागद घेऊन धावत आले. मी डब्यांचा दोर सोडायला लागले, तेवढ्यात वरून फोन आला. मारिसेलला आणि तिच्याबरोबरच्या तिघींना कामावरून काढलंय, त्यांच्याबद्दल या करारात काही नाही, म्हणून उतरणार नाही.

सोक समजावून थकले. मी नाही समजावलं. मी ओरडले, शिव्या घातल्या, शेवटी सरळ मारिसेललाच फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवून दुसऱ्या फोनवरून सोराच्या बाबांना ऐकवला.

"दादा, खाली या," ती म्हणाली. "तुम्ही वर गोठून मेलात तर मला नोकरी मिळणार आहे का? खाली येऊन भांडा."

संध्याकाळी ते उतरले. सपाट जमिनीवर त्यांना चालता येईना. दोघांनी धरून अॅम्ब्युलन्सपर्यंत नेलं. वाटेत ते रडत होते आणि मी अजून रागातच होते.

मारिसेलबरोबरच्या तिघींना नंतर परत घेतलं. तिला नाही. ती पुढारी ना. तिकडे तिची केस चालू आहे. सोराचे बाबा आसानला कामाला जातात. मी दर गुरुवारी सोलला जाऊन कंपनीच्या मुख्य ऑफिससमोर तिच्या नावाची पाटी घेऊन उभी राहते. परवा दारावरचा रखवालदार जवळ आला. मला वाटलं, हाकलायला आला.

"ही तुमची कोण?" त्याने विचारलं.

मी पाटी त्याच्याकडे वळवली. "आमच्या कारखान्यातली आहे," मी म्हटलं.