साडूपेक्षा एक नंबर वरचं

सहदेवला कुलदीपचा राग यायचा आणि त्या रागाला कारण काहीच नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. कारण असतं तर भांडता तरी आलं असतं. पण कुलदीप पडला गोड बोलणारा, न बोलावता मदतीला धावणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. अशा माणसाशी भांडावं तरी कसं, सांगा! वर तो सख्खा साडू. चांदूर रेल्वेच्या उद्धवराव गुरुजींची थोरली गीतांजली सहदेवला दिलेली आणि धाकटी प्रणाली कुलदीपला. सहदेवचं अमरावतीला राजापेठेत शिंप्यांच्या मालाचं दुकान होतं, अस्तर, बटनं, चेन, लेस असलं. कुलदीप अकोल्याला सरकारी नोकरीत. थोरला जावई म्हणून मान सहदेवचा, पण कामं सगळी कुलदीपला सांगायची, अशी सासरची रीत पडून गेली होती. आणि ज्याला काम सांगतात त्याचाच खरा मान असतो, हे सहदेवला कुणी शिकवायची गरज नव्हती.

यंदा धोंड्याचा महिना आला. उद्धवरावांनी दोन्ही जावयांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. सासूबाईंनी, सिंधूबाईंनी, पुरणाचे धोंडे केले, तेहेतीस-तेहेतीस अनारशांची दोन ताटं भरली, वर दिवे ठेवले. दोघांना कापडही एकाच ताग्यातलं. कुठं बोट ठेवायला जागा नाही. सहदेवनं तरी मनातल्या मनात दोन्ही ताटांतले अनारसे डोळ्यांनी तोलून पाहिले, आणि कुलदीपच्या ताटातले जरा जास्त फुललेत असं त्याला वाटलंच. हात धुऊन तो पाटावरून उठतो न उठतो, तोच सासऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि कुलदीपपुढं धरला.

"कुलदीपराव, पाहा बरं याले काय झालं. आवाजच येऊन नाई राहिला."

कुलदीपनं काहीतरी दाबलं अन् आवाज आला. सासरे म्हणाले, "वा! माणूस असावा तं असा!" सहदेवनं विडा तोंडात कोंबला. मोबाइलचा आवाज वाढवायचं बटन त्यालाही माहीत होतं हो, पण त्याला विचारतो कोण?

मग गोष्ट निघाली आकांक्षाच्या कॉम्प्युटरची. सहदेवची ही एकुलती एक पोर, आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला चाललेली. आता इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर उभी करायची होती. वर्षभर तिनं मैत्रिणीच्या घरी जाऊन, तिची मर्जी सांभाळून काम उरकलं होतं. बापाला ते खुपायचं. त्यानं दुकानातून बाजूला काढून काढून साठ हजार जमवले होते. त्याच्या वर एक रुपया निघणार नव्हता. ते पैसे आकांक्षाच्या हाती काय ठेवायचे, हे मात्र त्यानं ठरवून टाकलेलं होतं. पोरीनं कॉम्प्युटर चालू करावा, डोळे मोठे करावेत आणि सगळ्या नातेवाइकांत सांगावं, 'माझ्या बाबानं घेऊन दिला.' बस्स. याच्यापलीकडं त्याला काही नको होतं.

"सहदेवभाऊ, तयार नका घेऊ," कुलदीप म्हणाला. "सुटे भाग घेऊन घरी जोडा. तेवढ्याच पैशात दुप्पट काम देते. आमच्या यशोधनचा मी तसाच केला न."

आणि त्यानं धडाधडा सांगायला सुरुवात केली. प्रोसेसर अमुक, मदरबोर्ड तमुक, रॅम एवढी, बाकी साधं ठेवा, पण ग्राफिक्स कार्ड तेवढं चांगलं घ्या, कारण चित्राचं काम तेच करते. आकांक्षा शेजारी बसून मान डोलवत होती. तिचे डोळे असे काही चमकत होते की सहदेवला ते पाहवेना. ते डोळे त्याच्यासाठी राखून ठेवलेले होते ना! आणि हा अकोल्याचा शहाणा फुकटात, नुसत्या तोंडाच्या वाफेवर, ते घेऊन चालला होता.

"पाहीन मी," सहदेव म्हणाला. "अमरावतीत काय दुकानं नाई काय?"

रात्री घरी पोचेस्तोवर कुलदीपचा मेसेज येऊन पडलेला. एकेका भागाचं नाव, आणि खाली लिहिलेलं, 'रॅम बोर्डाच्या जोडीचीच घ्या, एवढं पाहा.' आता ही सूचना साधी होती, भल्यासाठी होती. पण सहदेवला त्यात शाळामास्तराची छडी दिसली. एवढं पाहा म्हणे! जणू काही मी शर्टाला घागऱ्याची लेस लावणारा माणूस!

त्याच क्षणी त्याच्या डोक्यात ते शिरलं. कुलदीपनं सांगितलेलं घ्यायचं नाही. कुलदीपनं जे सांगितलं त्याच्याहून एक नंबर वरचं घ्यायचं. प्रत्येक भाग. शेराला सव्वाशेर. आणि उद्या तो घरी आला की पोरीच्या देखत त्याला विचारायचं, "काहो, यशोधनचा एवढा चालते काय?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून सहदेव दुकान गीतांजलीवर टाकून बाजारात फिरायला लागला. एका दुकानात सगळं घेतलं असतं तर दुकानदारानं चार शब्द समजावून सांगितले असते. पण तेच तर त्याला नको होतं. अस्तर एकाकडं आणि बटनं दुसऱ्याकडं घ्यावीत, घासाघीस करावी, म्हणजे माल स्वस्त पडतो, ही त्याची आयुष्यभराची विद्या. प्रोसेसर त्यानं एका दुकानात घेतला, बोर्ड दुसऱ्यात. काउंटरवर जायचा, कुलदीपच्या मेसेजातलं नाव वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "याच्याहून वरचं दाखवा." प्रोसेसर एक नंबर वरचा मिळाला. बोर्डही वरचा मिळाला, त्यावर रंगीत दिवे होते. सगळे भाग बसवायचा डबा कुलदीपनं साधा पत्र्याचा सांगितला होता. सहदेवनं बाजूला काच असलेला घेतला, समोर तीन पंखे, तेही दिव्यांचे. दिवे पाहून त्याचं मन भरून आलं. यशोधनच्या डब्याला दिवे नव्हते, हे त्यानं प्रणालीकडून फोनवर आडून आडून काढून घेतलं होतं.

"बाबा, मी येऊ काय संग?" आकांक्षा रोज विचारायची.

"तू कायले येतं उन्हात? तुले काय समजते त्यातलं? पाहजो न तू नुसती."

"पण बाबा, कार्ड पाहिलं काय तुमी?"

"सगळं होते. कुलदीपकाकापेक्षा भारी होते. पाहजो!"

घरात आजकाल दर दोन वाक्यांत कुलदीप यायचा. कुलदीपनं हे सांगितलं, कुलदीपला ते काय कळते, कुलदीपच्या यशोधनकडं असं नाही. गीतांजली एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एवढं नाव देवाचं घेतलं असतं तं देव भेटला असता!" सहदेव ताटावरून उठून गेला.

रॅम राहिली होती. ती घ्यायला तो अकोल्याला गेला. का, तर लेसचा माल आणायचाच होता, आणि दुसरं म्हणजे कुलदीपच्या गावात, त्याच्या नाकाखालून, त्याच्याहून भारी रॅम विकत घेण्यात वेगळीच मजा होती. बडनेऱ्याहून गाडीत बसला तेव्हापासून तो गालातल्या गालात हसत होता. कुलदीपनं चौथ्या पिढीची रॅम लिहिली होती. दुकानदार म्हणाला, आता पाचवी आली आहे, पण भाव कडक आहे.

"पाचवीच द्या."

"बोर्ड कोणता आहे तुमचा, दादा? नाव सांगा, जोडी पाहून देतो."

बोर्डाचं नाव खोक्यावर होतं आणि खोकं घरी. एक फोन केला असता तर आकांक्षानं वाचून दाखवलं असतं. पण फोन केला असता तर पोरीला कळलं असतं की बापाला काही ठाऊक नाही. सहदेव ताठ झाला. "बोर्ड वरचाच आहे. तुमी द्या बेफिकीर."

"पाकीट फोडलं की वापस होत नाही, पाहा."

"वापस कोण करून राहिलं?"

पैसे मोजून तो बाहेर आला तेव्हा ग्राफिक्स कार्डासाठी ठेवलेल्यातले निम्मेही शिल्लक नव्हते. त्याला थोडं चुकल्यासारखं झालं, नाही असं नाही. पण मग त्यानं मनाची समजूत घातली. चार गोष्टी वरच्या घेतल्या, एक खालची आली तर काय बिघडलं? नवरीच्या अंगावर दागिने असले की चप्पल कोण पाहतो! अमरावतीला परत येऊन उरलेल्या पैशात बसेल ते कार्ड त्यानं घेऊन टाकलं.

रविवारी दुपारी चटईवर जुनी चादर अंथरून त्यानं सगळी खोकी मांडली. गीतांजलीनं खोक्यांना हळद-कुंकू लावलं. आकांक्षा एकेक खोकं हातात घेऊन वाचत होती. प्रोसेसरचं वाचून हसली. काचेचा डबा पाहून हसली, पण जरा कमी. कार्डाचं खोकं उचललं आणि तिचं हसू गेलं.

"बाबा, हे कार्ड काहून?"

"काऊन, काय झालं? नवंच हाय ते!"

तिनं खोकं खाली ठेवलं. सहदेवनं मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि कामाला लागला. प्रोसेसर बसला. आता रॅम. त्यानं पट्टी खाचेवर ठेवली. बसेना. उलटी करून ठेवली. तरी बसेना. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, दोन्ही बाजूंनी दाबा, टक् आवाज येईल.

"बाबा, थांबा," आकांक्षा पुढं सरकली. "ही पाचवीची हाय. बोर्ड चौथ्याचा हाय. हे बसतच नाई. याची खाच येगळ्या जागी असते."

"अवं, नवीन माल हाय, घट्ट असते," सहदेव म्हणाला. कपाळावर घाम आला होता. या पोरीसमोर, या दिव्यांसमोर, त्याला आता मागं हटायचं नव्हतं. "दाबलं की बसते."

"बाबा, नका!"

त्यानं दोन्ही अंगठ्यांचा जोर लावून दाबलं. टक् नाही, कडकन् आवाज आला. बोर्डावरची खाच एका टोकानं उचकटून वर आली होती. रॅमच्या पट्टीचाही कोपरा तुटून चादरीवर पडला होता.

मग आकांक्षानं तुटका तुकडा उचलला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एवढं लिहून देलं होतं," ती म्हणाली. "जोडीचीच घ्या म्हणून लिहून देलं होतं न!"

"हो, तुह्या त्या काकानं!" सहदेवचा तोल गेला. "तो लय शहाणा! तो सांगन तेच खरं! त्याचं आयकाचं अन् बापाचं काई नाई! असंच वाटते न तुले? त्यानं निवडलेलं सोनं, अन् बापानं आणलेलं..."

"ते काकानं नोतं निवडलं!"

सहदेवनं व्हिडिओ बंद केला.

"मी निवडलं होतं," आकांक्षा म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता. "चार महिने पाहून राहिली होती मी. साठ हजारात कोणतं बसते, कोणतं कोणाच्या जोडीचं. प्रोसेसर एक नंबर खालचा घेतला तं कार्ड चांगलं येते, हे मी काढलं होतं. काकाले मीच म्हटलं, तुमच्या नावानं सांगा. मी सांगतलं असतं तं तुमी म्हटलं असतं, तुले काय समजते. अन् काकाचं तं तुमी आयकता."

"मी? मी आयकतो त्याचं?"

"दिवसभर त्याईचंच नाव असते न तुमच्या तोंडात! मले वाटलं, घरात त्याईच्याइतकं तुमी कोणालेच मानत नाई."

गीतांजली दारात उभी होती. सहदेव चादरीवर तसाच बसून राहिला. म्हणजे तो महिनाभर ज्याच्यावर कुरघोडी करत उन्हातान्हात हिंडला होता, तो कुलदीप नव्हताच. एक नंबर वर, एक नंबर वर करत त्यानं आपल्याच पोरीची बुद्धी तुडवली होती. आणि एवढं कळूनही, लाज वाटत असतानाही, पोटातला निखारा काही विझला नव्हता. उलट तो आता नीट पेटला. तिनं चार महिने डोकं चालवलं, एवढी हुशारी केली, आणि सांगायला गेली कुणाकडं? अकोल्याला! इतकी वर्षं उगाच जळत होतो, आता तर जळायला कारणच मिळालं की, असं त्याला वाटलं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "चुकलं माह्यं. तू सांग आता. काय करता येते? तू म्हणशीन तसं करू."

हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पोरीला म्हटलं होतं. आकांक्षानं डोळे पुसले. तुटक्या बोर्डाकडं पाहिलं, कार्डाच्या खोक्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. सहदेव जीव मुठीत धरून वाट पाहत होता.

"थांबा," ती म्हणाली, "काकाले इचारते."

आणि फोन घेऊन ती गॅलरीत गेली. सहदेव आतून ऐकत होता. आधी रडणं ऐकू आलं. मग बराच वेळ नुसतं हूं, हूं. मग, देवा रे, ती हसली. बारीक, नाकातून, रडून झाल्यावर लहानपणी हसायची तशी. तसं हसवणं पूर्वी फक्त सहदेवलाच जमायचं.

ती आत आली तेव्हा तिचा चेहरा निवळला होता.

"काका उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिले. यशोधनचा जुना बोर्ड अन् रॅम घेऊन येते." ती चादरीवरचे तुकडे गोळा करायला वाकली आणि खालच्या मानेनंच म्हणाली, "अन् म्हणे, बाबावर रागावू नको."

सहदेवनं मान हलवली. मग गीतांजलीला म्हणाला, उद्या कुलदीपरावांसाठी जेवायला काहीतरी गोडाचं कर.